आर-स्क्वेअर ०.९७, तरी कन्फर्मेशन रन नापास: आधी काय तपासायचं?

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मशीनच्या तीन सेटिंग (फॅक्टर) बदलत पंधरा प्रयोग (रन) केले. सॉफ्टवेअरने वर्गपदांसकट समीकरण दिलं, आर-स्क्वेअर ०.९७ दाखवला (म्हणजे मापांतला ९७ टक्के फरक समीकरणात बसला) आणि सॉल्व्हरने 'सर्वोत्तम' सेटिंग काढून दिली. पडताळणीसाठी, म्हणजे कन्फर्मेशन रनसाठी, मशीन त्या सेटिंगला लावून माल काढला, तर माप टॉलरन्सच्या बाहेर. पुन्हा काढला, पुन्हा बाहेर. शेठ म्हणतात, "तुमचं गणित कागदावरच ठेवा," आणि मशीन लावणारा सेटर निमूटपणे आपल्या जुन्या सेटिंगवर परत जातो.

वर्षातून चार-पाच वेळा तरी हे गाऱ्हाणं माझ्याकडे येतं. कधी मोल्डिंगवाले असतात, कधी वेल्डिंगवर प्रबंध लिहिणारी एम.टेक.ची मुलं. जवळजवळ प्रत्येक जण आधी मॉडेलशीच झटापट करून आलेला असतो: एखादं पद काढून बघ, घनपद घालून बघ, लॉग घेऊन बघ. मी स्वतः साकीनाक्याच्या एका गाळ्यासाठी दोन शनिवार याच उद्योगात घालवले, म्हणून त्याच प्रकरणाचे आकडे घेऊन सांगतो.

वस्तू साधी: नायलॉन-६ चा पातळ भिंतीचा बुश, बाहेरचा व्यास ३२.०० मिमी, टॉलरन्स ±०.०८. फॅक्टर तीन: बॅरल टेंपरेचर २३५, २५०, २६५ अंश, होल्ड प्रेशर ४०, ६०, ८० बार, कूलिंग टाइम १२, १८, २४ सेकंद. डिझाइन, म्हणजे कोणत्या सेटिंग चालवायच्या याची ठरलेली यादी, बॉक्स-बेन्केन: बारा रन आणि तीन सेंटर पॉइंट (तिन्ही फॅक्टर मधल्या सेटिंगवर). प्रयोग मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात झाले, कन्फर्मेशन जुलैच्या मध्यावर. मॉडेल म्हणालं ३२.००, हातात आलं ३२.१३.

सेंटर पॉइंट आज पुन्हा चालवा

मॉडेलला हात लावण्याआधी हे करा. प्रयोगाच्या वेळी जी मधली सेटिंग होती (आमच्याकडे २५० अंश, ६० बार, १८ सेकंद) तीच आज लावा, माल काढा आणि मोजा. प्रयोगात चालवलेल्या सेटिंगपैकी इथे मॉडेलचं भाकीत सगळ्यात पक्कं असतं, कारण इथे एकदा नाही, तीनदा मोजलेलं आहे. जुनं माप परत आलं तर प्रक्रिया जागेवर आहे, आता मॉडेलवर संशय घ्यायला हरकत नाही. नाही आलं, तर मॉडेल बिचारं मे महिन्याबद्दल खरं बोलत होतं आणि आपण त्याला जुलैचं विचारत होतो.

मेमध्ये आमची सेंटरची सरासरी ३१.९४ होती. जुलैत पुन्हा काढली, दोन तासांत मोजली, तर ३१.९५. म्हणजे मशीन, मोल्ड, दाणा सगळं ठीक. मग ३२.१३ आलं कुठून? तेच सेंटरचे पीस क्रेटमध्ये उघडे ठेवले आणि तीन दिवसांनी मोजले: ३२.०३. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, हे मोल्डिंगमधल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. मेमध्ये प्रत्येक रनचं माप दोन तासांच्या आत घेतलं होतं. कन्फर्मेशनचा माल मात्र शनिवारी दुपारी निघाला, सोमवारी कुर्ला-सायनच्या रुळांवर पाणी म्हणून माप घेणारा मुलगा डोंबिवलीतच अडकला, आणि मापं झाली मंगळवारी. ०.१३ मधले ०.०८ तिथेच गेले. उरलेल्या ०.०५ चा हिशोब पुढे येतो.

तुमच्याकडे नायलॉन नसेल, पण असं काहीतरी असणारच. ड्रायर बिघडलेला असतो, दाण्याची गोणी रात्रभर उघडी राहिलेली असते, ग्राइंडिंगचा (दळून परत वापरायचा) माल नेहमीपेक्षा जास्त मिसळलेला असतो. वेल्डिंगमध्ये लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड न भाजता वापरले जातात. प्लेटिंगमध्ये बाथ दोन महिने जुना झालेला असतो. मुंबईत प्रयोग जूनच्या आधी आणि कन्फर्मेशन जूननंतर असेल, तर मी पुढचं काही ऐकायच्या आधीच हवेबद्दल विचारतो.

सेंटर एकदाच चालवून निकाल देऊ नका. दिवसभरात अंतर ठेवून तीनदा घ्या, आणि दर वेळी सेटिंग मोडून पुन्हा लावा. किती फरक म्हणजे 'सरकलं' हे रेसिड्युअलच्या (मोजलेलं माप आणि मॉडेलचं भाकीत यांतल्या फरकाच्या) प्रमाण विचलनावरून ठरतं. आमचं ०.०३ मिमी होतं. जुने तीन आणि नवे तीन यांच्या सरासरीतला साधारण ०.०६ पर्यंतचा फरक मी मनावर घेत नाही.

मग हिशोबातल्या चुका

हा भाग पाच मिनिटांचा आहे, पण याच पाच मिनिटांत निम्मी प्रकरणं मिटतात. डेटामधला कुठलाही एक रन घ्या, त्याच्या सेटिंग समीकरणात भरा आणि सॉफ्टवेअरने दिलेलं 'फिटेड' मूल्य येतं का ते बघा. नाही आलं, तर दोनपैकी एक झालेलं असतं.

पहिलं म्हणजे कोडेड समीकरणात (जिथे फॅक्टरच्या पातळ्या −१, ०, +१ अशा धरतात) खरी अंशसंख्या भरली जाते, किंवा कोडिंग करताना भागाकार चुकतो. २५० मधून दोन्हीकडे १५ अंश, तर सूत्र (तापमान − २५०) ÷ १५. पूर्ण पल्ला ३० म्हणून ३० ने भागणारे बरेच भेटतात.

दुसरं जास्त फसवं आहे: सहगुणकांचं राउंडिंग. खऱ्या एककांतल्या समीकरणात तापमानाच्या वर्गाचा सहगुणक ०.००००२४ असेल आणि अहवालात पाच दशांशांपर्यंत ०.००००२ छापला असेल, तर २५० चा वर्ग ६२,५००, आणि त्या सुटलेल्या ०.०००००४ ने होणारा फरक ०.२५ मिमी. आपलं टॉलरन्स ०.०८. अहवालातून समीकरण टाइप करून एक्सेलमध्ये वापरणाऱ्यांनी हे आधी बघावं. माझं मत सरळ आहे: कोडेड समीकरणच वापरा. खऱ्या एककांत तापमान आणि त्याचा वर्ग एकमेकांना इतके चिकटलेले असतात की साधं तापमान 'नॉट सिग्निफिकंट' दिसतं आणि मुलं ते पद उडवून मोकळी होतात.

पंधरा रनचे पंच्याहत्तर कोणी केले?

इथे जरा थांबू या, कारण ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि ती चूक वाटतच नाही.

प्रत्येक सेटिंगवर पाच शॉट घेतले, पाच पीस मोजले. चांगलं केलं. मग ती सगळी मापं पंच्याहत्तर ओळींत भरली आणि रिग्रेशन चालवलं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण पंच्याहत्तर स्वतंत्र प्रयोग केले. प्रत्यक्षात सेटिंग पंधराच वेळा लावली गेली. एका सेटिंगवर लागोपाठ निघालेले पाच पीस म्हणजे भावंडं, एकाच घरात वाढलेली. त्यांच्यातला फरक बघून शेजारच्या घरात किती फरक असेल हे कळत नाही. सेटिंग मोडून परत लावताना जो फरक पडतो, म्हणजे बॅरल नेमकं किती तापलं, कुशन (स्क्रूपुढे उरलेला वितळलेला माल) किती राहिलं, मोल्ड किती गरम होता, तो या पाचांत उतरतच नाही.

आमच्या आकड्यांत बघा. एकाच सेटिंगवरच्या पिसांतलं विचलन ०.०१ होतं. प्रत्येक रनची सरासरी घेऊन पंधरा ओळींवर मॉडेल बसवलं, तर रेसिड्युअल विचलन ०.०३, आणि स्वातंत्र्यमात्रा (सहगुणक काढल्यावर चूक मोजायला उरलेली माहिती) फक्त ५, कारण वर्गपदांसकट मॉडेलमध्ये दहा सहगुणक असतात. त्यावरून आमच्या सर्वोत्तम सेटिंगसाठी एका नव्या मापाचा ९५ टक्के भाकीत-पल्ला ±०.१२ येतो. तेच पंच्याहत्तर ओळींवर केलं की पल्ला ±०.०५ दिसतो. शेठना आम्ही हेच ±०.०५ सांगितलं होतं. ±०.०८ च्या टॉलरन्समध्ये आरामात बसेल असं वाटण्याचं कारण हे.

उरलेले ०.०५ आठवतात? ±०.१२ मध्ये ते निमूट बसतात. मॉडेलने त्याहून बारीक वचन कधी दिलंच नव्हतं, आम्ही ते त्याच्या तोंडी घातलं होतं.

उपाय सोपा. पाच पिसांची सरासरी घ्या, पंधरा ओळी ठेवा. पिसांमधला फरकही अभ्यासायचा असेल, तर त्यांचं विचलन हा वेगळा प्रतिसाद धरा आणि त्याच्या लॉगवर वेगळं मॉडेल बसवा.

आणि कृपा करून 'प्रेडिक्शन इंटरव्हल' बघा, 'कॉन्फिडन्स इंटरव्हल' नाही. दुसरा सरासरीबद्दल बोलतो, पहिला पुढच्या मापाबद्दल. शेजारी शेजारी छापलेले असतात आणि लोक सवयीने अरुंद असलेला उचलतात.

रन कोणत्या क्रमाने झाले?

सॉफ्टवेअर रनचा क्रम उलटसुलट करून देतं. तो क्रम गाळ्यात पाळला जातो का? बॅरल तापायला वेळ लागतो, थंड व्हायला त्याहून जास्त. त्यामुळे सेटर आपलं डोकं चालवतो: सकाळी २३५ चे चार रन, मग २५० चे सात, संध्याकाळी २६५ चे चार. दाणा वाचतो, वेळ वाचतो, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण आता तापमानाचा परिणाम आणि दिवसाच्या वेळेचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. ड्रायरमध्ये दाणा जास्त वेळ राहिला, मोल्ड तापत गेला, चिलरचं पाणी दुपारी गरम झालं, हे सगळं 'तापमान' या नावाखाली जमा होतं.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्राच्या शेतांवर काम करताना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरसमोर हाच प्रश्न होता. बांधालगतच्या जमिनीचा कस वेगळा, मधल्या जमिनीचा वेगळा, मग खताचा गुण कोणता आणि जमिनीचा कोणता? त्याने चिठ्ठ्या टाकून वाफे वाटले. आपल्या गाळ्यात दिवस हेच शेत आहे, सकाळचा बांध वेगळा आणि दुपारचा वेगळा.

क्रमाने केल्याचा आणखी एक फटका आहे, तो चटकन लक्षात येत नाही. तिन्ही सेंटर पॉइंट २५० च्या घोळक्यात लागोपाठ होतात, मध्ये काहीच न हलवता. ते साहजिकच एकसारखे येतात. त्यांच्यावरून काढलेली 'प्युअर एरर' (एकच सेटिंग परत चालवल्यावर पडणारा फरक) हास्यास्पद इतकी लहान निघते, आणि 'लॅक ऑफ फिट' (मॉडेलचा आकारच चुकलाय का, याची चाचणी) लाल रंगात ओरडायला लागतो. मग माणूस घनपदं शोधत बसतो. मी बसलो होतो.

आमचं नशीब असं की सेटर मामांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने प्रत्येक रनची वेळ टिपली होती, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीचा हिशोब लागावा म्हणून. तो कॉलम भरला, रेसिड्युअल वेळेच्या क्रमाने लावले, तर २६५ च्या घोळक्यात ते एकेक पायरी वर चढताना दिसले. तुमच्याकडे रनची खरी वेळ नसेल तर आजपासून लिहायला सुरुवात करा. झालेल्या प्रयोगाला ते उपयोगी नाही, पुढच्याला आहे.

तापमान खरंच वारंवार बदलता येत नसेल तर भांडू नका. 'हार्ड टू चेंज' फॅक्टर म्हणून स्प्लिट-प्लॉट डिझाइन घ्या, म्हणजे तापमान एकदा लावून त्यावर बाकीचे फॅक्टर बदलायचे. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये एलएमई४ पॅकेज वापरून प्रत्येक तापमान-खेपेला स्वतंत्र यादृच्छिक पद देता येतं. पण त्यासाठी प्रत्येक तापमानाला किमान दोनदा जावं लागतं: २३५, २६५, २५०, मग पुन्हा २६५, २३५, २५०. एकदाच गेलात तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवू शकत नाही.

०.९७ चा अर्थ

एक्सेल उघडा. पंधरा रनचं बॉक्स-बेन्केन टाका आणि प्रतिसादाच्या कॉलममध्ये मापांऐवजी सरळ यादृच्छिक आकडे भरा. वर्गपदांसकट नऊ पदं बसवा. आर-स्क्वेअर किती येईल? सरासरी ९ भागिले १४, म्हणजे ०.६४. काहीही संबंध नसताना. हे एकदा स्वतः करून बघितल्यावर ०.९७ कडे बघायची नजर बदलते.

पदांची संख्या जमेस धरणारा ॲडजस्टेड आर-स्क्वेअर काढला तर आमचे ०.९७ चे ०.९२ झाले. वाईट नाही. पण खरा आरसा प्रेडिक्टेड आर-स्क्वेअर: एकेक रन बाजूला ठेवून उरलेल्यांवरून त्याचं भाकीत करायचं. या डिझाइनमध्ये त्याचा हिशोब तोंडी होतो. बारा कडेच्या (म्हणजे सेंटर सोडून बाकीच्या) रनचं लिव्हरेज, म्हणजे तो रन स्वतःचंच भाकीत किती ओढतो ते, प्रत्येकी ०.७५ असतं आणि सेंटरचं एक-तृतीयांश. म्हणून कडेच्या रनचा रेसिड्युअल चौपट करायचा, सेंटरचा दीडपट, मग वर्ग करून बेरीज. आमचा आकडा आला ०.५३.

०.९७, ०.९२, ०.५३. तिन्ही एकाच टेबलात होते, अहवालात एकच गेला.

टागुची एल-९ (नऊ रन, तीन पातळ्यांचे चार कॉलम) वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य: चारही कॉलम भरले की आठच्या आठ स्वातंत्र्यमात्रा संपतात आणि आर-स्क्वेअर नेमका १ येतो, शिवाय पहिल्या दोन कॉलमांचा इंटरॅक्शन (एका फॅक्टरचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं) उरलेल्या दोघांत मिसळलेला असतो, त्यामुळे तिथे कन्फर्मेशन फसलं तर मी इंटरॅक्शनवरच पहिलं बोट ठेवतो.

सॉल्व्हर कोपऱ्यात पळतो

आमची 'सर्वोत्तम' सेटिंग होती २३५ अंश, ८० बार, २४ सेकंद. एक खालचं टोक, दोन वरची. तीन फॅक्टर म्हणजे घनाच्या तीन बाजू असं धरलं, तर हा घनाचा कोपरा. आता बॉक्स-बेन्केनचे रन आठवा: ते घनाच्या कडांच्या मध्यावर असतात. कोपऱ्यात एकही नाही! हे डिझाइन मुद्दामच तसं रचलं आहे, तिन्ही फॅक्टर एकाच वेळी टोकाला नेणं धोक्याचं किंवा महाग असेल तिथे सोय म्हणून. आणि आपण ते वापरून नेमकं कोपऱ्यातलंच उत्तर मागतो.

आकड्यात सांगायचं तर सेंटरला सरासरी भाकिताचं व्हेरिअन्स एरर व्हेरिअन्सच्या (रेसिड्युअल विचलनाच्या वर्गाच्या) ०.३३ पट असतं, कडेच्या मध्यावर ०.७५ पट आणि कोपऱ्यात १.४० पट. तिथे मॉडेल अंदाज बांधत असतं, मोजलेलं काही नसतं. कोपऱ्यात पाच स्वतंत्र कन्फर्मेशन रन घेऊन सरासरी काढली तरी पल्ला ±०.१० च्या खाली फारसा उतरत नाही, कारण शंका मापात नसून मॉडेलमध्ये आहे. सेंटरला तेच पाच रन तुम्हाला ±०.०६ वर आणतात.

मग करायचं काय? तो कोपरा प्रयोगात घ्या. त्या सेटिंगवर दोन स्वतंत्र रन काढा आणि फक्त 'पास-नापास' न ठरवता ते डेटामध्ये घालून मॉडेल पुन्हा बसवा. दोनच रनमुळे १.४० चं ०.३७ होतं. रेसिड्युअल विचलन ०.०३ च राहिलं असं धरलं, तर नव्या मापाचा पल्ला ±०.१२ वरून ±०.०८ वर येतो. त्याच दिवशी दोन सेंटरही घ्या आणि 'दिवस' नावाचा कॉलम वाढवा. त्याने पल्ला जरासा रुंदावतो, पण मे आणि जुलैमधला फरक त्या कॉलममध्ये जातो, तापमानाच्या नावावर जात नाही.

जॉर्ज बॉक्स आणि के. बी. विल्सन यांनी १९५१ मध्ये अशा वर्गपदांच्या मॉडेलची ही पद्धत (रिस्पॉन्स सरफेस) मांडली तेव्हा कल्पनाच टप्प्याटप्प्याने जाण्याची होती: थोडे रन, मग बघा, मग पुढचे थोडे. सगळे रन एका दमात संपवून डिझाइन 'बंद' करायची सवय आपली आहे, प्रबंधाच्या तारखांनी आणि मोल्ड परत द्यायच्या घाईने लावलेली. नवीन काम सुरू करणार असाल आणि दोन दिवसांत विभागून करायचं असेल, तर तीन फॅक्टरसाठी बॉक्स-बेन्केन घेऊ नका, ते स्वच्छ ब्लॉकमध्ये (एकेका दिवसाच्या गटांत) तुटत नाही. सेंट्रल कॉम्पोझिट घ्या: आठ कोपरे आणि सेंटर एका दिवशी, सहा टोकांचे रन आणि सेंटर दुसऱ्या दिवशी.

साकीनाक्याला शेवटी ऑगस्टच्या एका शनिवारी चार रन झाले: दोन कोपऱ्यात, दोन सेंटरला, एकाआड एक. प्रत्येक वेळी सेटिंग मोडून पुन्हा लावली, सगळी मापं दोन तासांत. नव्या मॉडेलने त्या कोपऱ्यापेक्षा जरा आतली सेटिंग सुचवली, २४० अंश आणि ७५ बार. त्यावर काढलेल्या मालाची सरासरी ३२.०२ आली. पण ग्राहकाने विचारलं की बुश त्याच्याकडे पोचून आठवडाभर रॅकवर पडला की किती होतो. आता तेच मोजतोय: दहा पीस, रोज संध्याकाळी सहा वाजता, शेजारी भिंतीवर आर्द्रतामापक.